कुसळेवाडीचा पत्ता

विट्यात एसटी बदला.
कंडक्टरला कुसळेवाडी सांगू नका, त्याला ठाऊक नसतं.
गलाईवाल्यांची वाडी म्हणा,
तो बरोबर कमानीपाशी बेल मारेल.

कमान संगमरवरी आहे. तिच्यापुढं गाव जरा आखूड पडतं.
खांबावर देणगीदार कोरलेत, नावापुढं मुक्काम:
त्रिचूर, मदुराई, कटक, सिलिगुडी.
लहानपणी मला वाटायचं, ह्या आमच्याच वस्त्या असतील,
ओढ्यापलीकडच्या.

मग हौद लागेल. बहात्तरच्या दुष्काळात बांधला,
तेव्हाही भरला नाही.
ह्याच्याच कठड्यावर बसून शिदू मोकाशी सांगत होता,
दोन वर्षांनी परत आला तेव्हा, पायात बूट घालून,
की तिकडं सोनाराच्या दुकानातला केर विकत मिळतो.
केर!
माणसं हसून हसून खोकली.
पायपुसणं जाळायचं, तो म्हणाला,
जुन्या पाटाची फळी तासायची,
हात धुतलेलं पाणी रातभर निवळू द्यायचं,
राख चाळायची, पारा फिरवायचा, तेजाबात सोडायचं.
तळाला राहील ते आपलं.
हसणं पुरतं ओसरलं नव्हतं
आणि चौदा पोरं मिरज स्टेशनात उभी होती,
एका वळकटीत दोघं दोघं.

उजव्या हाताला शाळा. भिंती पडक्या,
घंटा मात्र अस्सल काशाची, कोइमतूरहून आलेली.
सातवी झाली की पोरगं भट्टीवर.
शेंडगे मास्तर तरी हजेरी पुरी घ्यायचे.
दिनकर?
बेळ्ळारी, सर.
हणमंत?
गुंटूर.
उरलेले आम्ही सहाजण भूगोल असा शिकलो.

पुढं बंगले, बंगलेच बंगले, सगळ्यांना कुलपं.
गच्चीवर सिमेंटचं विमान दिसेल ते मोकाश्यांचं.
त्याच्या शेजारच्या घरात लिफ्ट आहे.
वीज टिकेना म्हणून ती खालीच राहिली,
आता तिच्यात कडबा ठेवतात.
जत्रेला पाच दिवस दारं उघडतात.
तमिळ बोलणारं पोरगं बंगाली बोलणाऱ्या चुलतभावाशी
मोडक्या मराठीत भांडतं,
आणि आज्या पदर तोंडाला लावून ऐकत राहतात.

आमचं घर त्या ओळीत नाही.
वडिलांचे दात चाळिशीतच गेले, तेजाबाच्या वाफेनं.
शब्द ओले होऊन बाहेर यायचे.
एकदा विचारलं, आण्णा, ह्या हातांनी किती सोनं काढलं असेल?
बोटांवर मोजू लागले. बराच वेळ.
मग म्हणाले, लोकांचं होतं रे.

डाव्या हाताला स्मशान आहे, पत्र्याची शेड नवी.
रक्षा सावडायला अंकुशतात्या आले होते,
बेचाळीस वर्षं कटकला भट्टीपुढं बसलेला माणूस.
ओढा कोरडा, म्हणून टँकरचं पाणी, घरचीच परात.
त्यांनी राख पाण्यात घेतली
आणि हात आपोआप फिरायला लागला,
गोल, सावकाश,
हलकं वर, जड तळाला.
कुणी काही बोललं नाही.
त्यांच्याही ध्यानात आलं नसावं.
मुखात ठेवलेला गुंजभर मणी
वितळून थेंब झाला होता, तो खाली चमकला.
तात्यांनी उचलला, नखानं घासला, उन्हात धरला.
“तांबं हाय ह्यात,” म्हणाले, “फसवलं सोनारानं.”
आणि तिथंच, ओल्या राखेत, मटकन बसले.

तर स्मशान मागं टाकून सरळ या.
निळं दार. अंगणात बाई झाडत असेल, माझी बायको,
त्रिचूरची आहे, मराठी बरं बोलते.
केर उकिरड्यावर टाकायच्या आधी
ती सुपली उन्हाकडं तिरकी धरते, क्षणभर.
तिला ते कुणी शिकवलं नाही.
तेवढं होऊ द्या,
मग हाक मारा.